मागच्या सीटचा पट्टा

८ जून, शनिवार. ट्रॉन्डहाइम

पोचले एकदाची! बनारसहून दिल्ली, दिल्लीहून दोहा, तिथून ऑस्लो आणि ऑस्लोहून इथे. चार विमानं, एकतीस तास, आणि दर विमानात शेजारी घोरणारा माणूस. पण बाहेर धाकटा भाऊ विश्वेश पुठ्ठ्याची पाटी धरून उभा होता. त्यावर मराठीत : 'बनारसवाल्या ताई, इकडे.' नॉर्वेच्या विमानतळावर ती पाटी वाचू शकणारी मी एकटीच. सगळा शीण गेला.

पोरगा वाळलाय मात्र. गालफडं बसलीत. वय छत्तीस, पण चाळिशी उलटलेल्या मलाच तो थोरला वाटावा असा दिसतो. म्हणाला, कॅम्परव्हॅनमध्ये राहिलं की आपोआप कमीच खाल्लं जातं. मला वाटत होतं, गाडी नुसती सुट्टीपुरती आहे. तर साहेबांनी ऑक्टोबरातच खोली सोडली आणि आठ महिने गाडीतच राहतायत. कंपनीचं काम लॅपटॉपवर होतं म्हणे, मग भाडं कशाला भरायचं. आईला हे सांगायचं नाही असं माझ्याकडून वदवून घेतलं.

गाडी बाकी फार गोड आहे. पुढे दोन सीट. ड्रायव्हरच्या मागे दोघांचं बाकडं आणि घडीचं टेबल. मग दोन शेगड्या, एवढंसं सिंक, आणि अगदी मागे आडवा पलंग, तो माझा. विश्वेश पुढच्या छताखालच्या माळ्यावर झोपतो. प्रत्येक कप्प्याला खटका. आमचं ब्रह्माघाटावरचं स्वयंपाकघर याहून फार मोठं नाही, आणि तिथल्या एकाही खणाला धड कडी नाही.

मी रोजनिशी लिहायची ठरवलंय. अठरा वर्षं मुलींना संस्कृत शिकवलं, गंगापार रामनगरापलीकडे क्वचित गेले. आता तीन आठवडे समुद्राकाठची गावं एकामागून एक. हे लिहून ठेवायलाच हवं.

पद्माकाकूंचा बेसनलाडूंचा डबा विश्वेशच्या हातात दिला. पद्माकाकू म्हणजे सुशांतची आई. मुन्शी घाटाच्या गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहतात. काका रेल्वेत होते, गेले. सुशांत आणि विश्वेश पहिलीपासून एका बाकावर, आणि नॉर्वेलाही एकामागून एक आले. मी निघाले त्या दिवशी काकू विमानतळावर आल्या होत्या. सुशांतला म्हणावं, दिवाळीला घरी ये. आणि म्हणावं, फोनवर तुझा आवाज नीट येत नाही, जागा बदलून बोलत जा. दर गुरुवारी करतो तो फोन, पण पाण्याची घरघर फार.

विश्वेशने डबा घेतला आणि तसाच धरून उभा राहिला. विचारलं, फोन करतो? बोलतो? मी म्हटलं, आईला मुलगा फोन करणारच, तुझ्यासारखे सगळे नसतात. मग म्हणाला, सुशांत उत्तरेला मासळीच्या कारखान्यात लागलाय, त्याच्याकडे पाठवतो डबा.

भांडलेत बहुतेक दोघे.

९ जून, रविवार. स्टाइनशेर ओलांडून, खाडीकाठी

निघालो! निघताना विश्वेश सगळे खटके तपासतो, गॅस बंद करतो, सिंकवर झाकण घालतो. शेवटी मागे वळून बाकड्यावरच्या रिकाम्या सीटला पट्टा लावतो. मला हसू आलं. म्हटलं, कोणाला बांधतोयस? म्हणाला, सेन्सर बिघडलाय. पट्टा लावला नाही तर गाडीला वाटतं तिथे माणूस बसलाय आणि ती टिंगटिंग करत बसते. मेकॅनिकला दाखवलं, त्याला काही सापडलं नाही.

खाडीचं पाणी इतकं निवांत की आमच्या गंगेचा मार्गशीर्ष आठवला. लाल लाकडी घरं, गवताची छपरं, एका छपरावर चक्क बकरी. खिचडी केली, वर तूप घातलं, पायरीवर बसून खाल्ली. विश्वेशने तीनदा घेतली. म्हणाला, ताई, किती दिवसांनी कुणाशी मराठी बोलतोय.

अंधार होतच नाही. डोळ्यांवर ओढणी बांधून झोपते.

११ जून, मंगळवार. नामसोस

कॅम्पच्या कचेरीत गंमत झाली. तिथल्या बाईंनी आंघोळीच्या पाण्याची तीन टोकनं दिली. मी इंग्रजीत म्हटलं, आम्ही दोघंच. त्यांनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं, मग विश्वेशकडे. म्हणाल्या, बरं, दोघं तर दोघं. पण तिसरं टोकन परत घेतलं नाही.

मला इथे एक दिवस जास्त राहायचं होतं. टेकडीच्या पोटात कोरलेला पोहण्याचा तलाव आहे, तो बघायचा होता. विश्वेश नाही म्हणाला. एका जागी दोन दिवस नको. का रे बाबा? गाव बघायला आलोय ना? तर म्हणाला, मी कधीच राहत नाही दोन दिवस. सकाळ झाली की निघायचं.

सारखी घाई. चहा प्यायलाही गाडी सुरू ठेवून उभा राहतो. पायाला भिंगरी लागलीय नुसती.

१३ जून, गुरुवार. ब्रॉनॉयसुंड

काल फेरीबोटीवर दोनदा गाडी चढवली. बोटीच्या पोटात सगळ्या गाड्या दाटीवाटीने उभ्या आणि माणसं वर चहा पीत. मी वर जाते, विश्वेश येत नाही, गाडीतच बसतो. म्हणतो, गाडी बोटीवर असली तरी चालतंय ना, थांबलेलो नाही आपण. मला कळलं नाही काय म्हणायचंय ते.

आज तोर्गहात्तेन बघितला. डोंगराला आरपार भोक. भोकातून पलीकडचा समुद्र दिसतो, आभाळासकट. मी तासभर बसले असते. विश्वेश वीस मिनिटांत खाली.

दुपारी आईशी बोलले. पद्माकाकू तिथेच बसल्या होत्या. म्हणाल्या, आत्ताच सुशांतचा फोन येऊन गेला, खूश होता, म्हणाला मैत्रेयीताई आलीय, खिचडी छान करते. मी विश्वेशला विचारलं, तू बोललास का त्याच्याशी? त्याने गाडी कडेला घेतली. उतरला. पाच मिनिटं समुद्राकडे पाठ करून उभा राहिला. मग येऊन म्हणाला, हो, मेसेज केला होता.

खोटं बोलतोय. त्याला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून डावा कान लाल होतो.

पण मग सुशांतला खिचडीचं कोणी सांगितलं?

१५ जून, शनिवार

गावाचं नाव नीट उच्चारता येत नाही, राहू दे.

लाडवांचा डबा उघडा सापडला, बाकड्याखाली. तीस होते, मीच मोजून भरले होते काकूंच्या समोर. सोळा उरलेत, आणि त्यांनाही पाणी लागलंय. मला राग आला. एवढ्या मायेने दिलेले, दुसऱ्याचे लाडू. विश्वेशला बोलले तर तो म्हणाला मीच खाल्ले, सॉरी ताई. एक तोंडात टाकून बघितला. मीठ. खारट ढॉण. थुंकून टाकला.

त्याने उरलेले फेकले नाहीत. डबा बंद करून परत तिथेच ठेवला. बाकड्याखाली.

१६ जून, रविवार. सांदनेसशोएन

सात डोंगर ओळीने उभे. सात बहिणी म्हणतात त्यांना इथे. मी मन लावून बघू शकले नाही.

सकाळी सहाला जाग आली, लख्ख ऊन होतं. पाय खाली टाकला तर जमीन ओली. बाकड्यापासून मागच्या दारापर्यंत पाण्याचा ओघळ. सिंक कोरडं, टाकी घट्ट. बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट.

विश्वेश ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला, दोन्ही हात चाकावर. पुटपुटत होता. हिंदीत. "चल रहे हैं यार, चल रहे हैं. बैठ तू." कानात फोनबिन काही नव्हतं. मग वळून पट्टा लावला आणि गाडी काढली. मी अजून पलंगावर, नेसूची साडीसुद्धा नीट सावरलेली नाही.

माझ्या भावाचं डोकं बिघडलंय असं मला वाटतंय. एकटं राहून होतं असं. परत गेल्यावर डॉक्टरकडे न्यायचंच. आईला काय सांगू?

१७ जून, सोमवार

त्याला कळू न देता एक गोष्ट केली. पेट्रोल भरून तो पैसे द्यायला गेला तेव्हा मागचा पट्टा सोडला. बघू या म्हटलं.

गाडी हलली तशी टिंगटिंग सुरू झाली. विश्वेश एकदम पांढरा पडला. थांब म्हणेपर्यंत माझ्या मागून खोकल्याचा आवाज आला. ओला. छातीत पाणी भरलेल्या माणसाचा.

विश्वेशने गाडी चालती ठेवूनच मागे हात नेऊन पट्टा लावला. खट्.

आवाज थांबला. त्याने गाडी थांबवलीच नाही. ऐंशी किलोमीटर.

मी आरशात बघितलं नाही.

१८ जून, मंगळवार

गाडी बंद पडली. क्लच गेलाय. कोळ्यांचं लहानसं गाव, वीसेक घरं, एक जेटी. मेकॅनिक म्हातारा आहे, समजूतदार. म्हणाला सुटा भाग शुक्रवारी येईल.

विश्वेश त्याच्यापुढे हात जोडून रडला. उद्याच हवाय म्हणाला, काहीही करा. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हटलं, गावात कुणाकडे तरी राहू. दोन घरी विचारलं. दुसऱ्या घरची बाई दारातून आमच्या मागे बघत होती. तिने मान हलवली, नाही. आणि दार लावलं. कडी घातल्याचं ऐकू आलं.

गाडीतच आहोत.

१९ जून, बुधवार

दुसरा दिवस.

सकाळी बघितलं तर पट्टा सुटलेला. विश्वेश म्हणतो त्याने नाही सोडला. मीही नाही.

ओली पावलं. बाकड्यापासून शेगडीपर्यंत. शेगडीपासून माझ्या पलंगापर्यंत. तिथे दोन पावलं जवळजवळ, बोटं माझ्या उशीकडे. उभं राहून बघितल्यासारखी.

परत गेल्याची पावलं नाहीत.

विश्वेशला खांद्याला धरून हलवलं. म्हटलं, सांग. आत्ताच्या आत्ता सांग, नाहीतर मी चालत निघते. म्हणाला, उद्या सांगतो. म्हणाला, ताई, तू बाबांची मुलगी आहेस, म्हणून तुला बोलावलं. फिरायला नाही बोलावलं.

बाबा शिंदे घाटावर क्रियाकर्मं करवत. सगळे मंत्र मला ऐकून ऐकून पाठ.

म्हणजे कोणीतरी मेलंय.

२० जून, गुरुवार

सगळं सांगितलं त्याने. जेटीवर, वाऱ्यात, गाडीपासून लांब. जसं सांगितलं तसं लिहिते.

गेल्या ऑक्टोबरात दोघे याच गाडीतून फिरत होते. सुशांतने नोकरी सोडली होती, उत्तरेत मासळीच्या कारखान्यात लागणार होता. सगळ्यांना तसं सांगून निघाला होता. दक्षिणेकडच्या एका बंदरात थांबले. समुद्र खवळलेला. कशावरून तरी वाजलं, जेवणावरून, विश्वेशला आता नीट आठवतही नाही. सुशांत रागाने बाहेर पडला आणि दगडी बांधाच्या टोकाला गेला. लाटेने खाली ओढला. एका दगडाला धरून लटकला. तीन हाका मारल्या. विसू, विसू, विसू.

विश्वेश दहा पावलं गेला. मग दुसरी लाट आली. तो मागे पळाला, गाडीत बसला, दार लावून घेतलं. काच बंद केली. ऐकू येऊ नये म्हणून. मग गाडी काढली.

फोन नाही केला कोणाला. पोलिसांना नाही. कोणाला शोधायलाच पाठवलं नाही.

सुशांतचा मोबाइल गाडीतच राहिला होता. त्यावरून हा त्याच्या आईला मेसेज करत राहिला. मी बरा आहे. थंडी फार आहे. जेवलो. चार महिने. फेब्रुवारीत सहन होईना म्हणून मोबाइल समुद्रात फेकला.

आणि काकूंना फोन येऊ लागले ते फेब्रुवारीपासून. दर गुरुवारी.

गाडी चालती असली की सुशांत बसून असतो, असं विश्वेश म्हणतो. पट्टा लावलेला असला की गप्प बसतो. थांबली की उठतो. एक दिवस सहन करतो, दुसऱ्या दिवशी उठतो. म्हणून आठ महिने हा नुसता पळतोय.

मी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग त्याला पोटाशी धरलं. काय करू? माझा भाऊ आहे.

म्हटलं, आधी काकूंना सांग. जोवर त्यांच्या लेखी पोरगा जिवंत आहे तोवर त्याला कोणी पाणी सोडणार नाही. तो कुठे जाईल बिचारा? विश्वेशने फोन लावला. स्पीकरवर. काकूंचा आवाज इतका आनंदी. म्हणाल्या, अरे, आत्ताच सुशांतने ठेवला बघ. म्हणत होता, लाडवांत वेलची कमी पडली. म्हणत होता गाडी बंद पडलीय तुमची, आता त्याला जरा हातपाय मोकळे करता येतात.

विश्वेशने काही न सांगताच फोन माझ्या हातात दिला. मीच ठेवला फोन.

२१ जून, शुक्रवार

सकाळी पाण्याकाठी गेले. तीळ माझ्या पर्समध्ये असतात, संक्रांतीपासूनची पुडी. दर्भ नाही, जानवं नाही, अधिकार नाही. तरी ओंजळीत पाणी घेतलं. नाव घेतलं. गोत्र घेतलं.

मागून गाडीतून उत्तर आलं. "ओ, ताई."

जसं लहानपणी गल्लीतून द्यायचा तसं.

तीळ सांडले सगळे. पुढचं म्हणवलं नाही.

भाग आला दुपारी. म्हाताऱ्याने चार तासांत बसवला. पैसे घेईना. हाताने दाखवलं, जा, जा.

ठरवलंय. पळायचं नाही आता. त्याच बंदरावर जायचं, पोलिसांना बोलवायचं, काय ते सांगायचं. विश्वेश तुरुंगात जाईल. जाऊ दे. तो स्वतःच म्हणाला, जाऊ दे.

२२ जून, शनिवार

दिवसभर गाडी. दक्षिणेकडे. दोन फेरीबोटी. मी पुढेच बसले, मान ताठ ठेवून.

पट्टा लावला होता. तरी मागे सारखी हालचाल. खूश असल्यासारखी. गुणगुणणं. होळीत गल्लीत गातात ते, शब्द नाहीत, नुसता ठेका, टेबलावर बोटांनी.

विश्वेश एकदाच बोलला. म्हणाला, ताई, त्याला कळलंय आपण कुठे चाललोय.

२३ जून, रविवार. सकाळ

बंदर लहान आहे, सुंदर आहे. असं नसायला हवं होतं. पिवळी घरं, होड्या, लांब दगडी बांध. टोकाला दिवा.

पोलीस आला, एकटाच, तरणा. विश्वेशने बांधावर नेऊन दगड दाखवला. पोलीस लिहून घेत होता आणि मधेच थांबून त्याच्या तोंडाकडे बघत होता. गाडी जिथे आहे तिथेच ठेवा म्हणाला, उद्या तपासायला माणसं येतील. किल्ली त्याने घेतली. विश्वेशला जबाबासाठी शहरात घेऊन गेला, दीड तासावर. मला म्हणाला तुम्ही हॉटेलात बसा, संध्याकाळी सोडतो याला.

जायच्या आधी विश्वेशने काकूंना सांगितलं. या वेळी सांगितलं. सगळं. मेसेजचंही. काकूंनी मधे एकच विचारलं. किती हाका मारल्या त्याने?

तीन, म्हणाला.

फोन बंद झाला तिकडून.

जाताना माझ्या पाया पडला. हलकं वाटतंय म्हणाला. खरंच तसा दिसत होता. लहानपणीसारखा.

दुपार

हॉटेल बंद. सगळं गाव बंद. आज यांचा सण आहे, समुद्राकाठी होळी पेटवतात. खाडीच्या पलीकडच्या अंगाला लाकडांचा ढीग रचलाय, सगळे तिकडे गेलेत. पाऊस आणि वारा इतका की उभं राहवेना. जेटीवर आडोसा नाही. नाइलाजाने गाडीत येऊन बसले.

बाकडं कोरडं आहे. पट्टा नुसता लोंबतोय. आत काही नाही. जाणवतंय, की कोणी नाही. मोठ्याने हाक मारली त्याला. सुशांत, बाळा. उत्तर नाही.

गेला असेल. आईला कळलं, सुटला असेल.

रडू आलं. त्याची पहिलीत असतानाची मुंज आठवली. चकोट केलेला, सोवळं सुटत होतं सारखं.

संध्याकाळ

पाऊस ओसरलाय, पलीकडे पेटवलंय. पाण्याकाठी आग बघताना मला परकं वाटत नाही, जन्म मणिकर्णिकेच्या चितांशेजारी गेला. इथे मात्र लोक गातायत. मुलं नाचतायत.

विश्वेशचा फोन आला होता. झालं सगळं. निघालेत. तासाभरात पोचेल. चहा ठेव म्हणाला.

ठेवलाय.

काकूंचा फोन—

लिहिते. लिहायला हवं, विश्वेशला कळायला हवं.

काकू रडत नव्हत्या. माझं नीट ऐक बेटा, म्हणाल्या. सुशांतशी बोलले आत्ता. गुरुवार नसून केला त्याने. त्याला म्हटलं, तू ये घरी. तो म्हणाला आई, इथे फार थंड आहे आणि एकट्याने येववत नाही. आठ महिने पुढे बसलेल्या माणसाने वळून माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मी म्हटलं, काकू, विश्वेश चुकला, भोगेल तो. त्या म्हणाल्या, तो काय भोगेल. घरी येईल चार वर्षांनी, पोरंबाळं होतील. मला माहितीय ना.

मग म्हणाल्या, मी सुशांतला सांगितलंय, एकट्याने येऊ नकोस. ताईला घेऊन ये. तिने तुला खाऊ घातलं, तिने तुझं नाव घेतलं, ती येईल. राग धरू नकोस हं बेटा. त्याला सोबत हवी.

ठेवला.

दार उघडत नाही. कुलूप नाही तरी उघडत नाही. मागचंही. काच हाताने फुटत नाही. पातेलं मारलं, चरा पडला फक्त.

हाका मारल्या. पलीकडे गाणी चालू आहेत.

विश्वेशला फोन लावतेय. लागतोय, वाजतोय, आणि तिकडून नुसतं पाणी—

हँडब्रेक पडला. बघितलं मी. आपोआप, हळू, कोणीतरी सवयीने सोडावा तसा. किल्ली नाही गाडीला. तरी—

हलतेय. जेटीच्या उताराकडे, जिथून होड्या सोडतात. वेगाने नाही. काळजी घेऊन चालवतंय कोणीतरी.

ड्रायव्हरच्या सीटवर मान दिसतेय. केस ओले. तो वळून बघत नाहीये, पण बोलतोय. घाबरू नकोस ताई म्हणतो. विसूसारखं मी नाही सोडणार म्हणतो, हात घट्ट—

चाकं पाण्यात. पाय ओले. विश्वेश, तू वाचशील तेव्हा काकूंना म्हण की मी

त्यांना म्हण की तो नीट पोच